चतुराबाईच्या खुर्चीची खांदमळणी

आमच्या वन्संनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्यांचं मन फिरत नाय. तीस वर्सं त्यांच्यासंगं एका चुलीवर काढली, मी नाय सांगायचं तर कुणी सांगायचं? वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चतुराबाई. पाय लहानपणीच गेलेले, पण तोंड असं चालतं की आमच्या चितेगावावरून जाणारा पैठण रोडसुदा एवढा चालत नाय. अशा त्या वन्सं एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून म्हणल्या, "दगडाबाई, सरूताईच्या लेकीच्या लग्नाला मी हैद्राबादला विमानानं जाणार. माझी बॅटरीची खुर्ची संगं घेऊन."

म्या कपाळाला हात लावला.

"वन्सं, विमानात खुर्च्या नसतात व्हय? घरून न्यायला ते काय गणपतीपुढचं कीर्तन हाय?"

"त्या खुर्च्या विमानाच्या. उतरल्यावर मला मांडवात कोण नेणार? तू?"

"नेईन की. आजपस्तोर नेलं नाय का?"

"तेच नकोय," वन्सं म्हणल्या. "मांडवात जाईन तर माझ्या चाकावर. कुणी उचलायचं नाय, कुणी ढकलायचं नाय. जमत नसंल तर मी येत नाय, तू जा."

बोलून मोकळ्या! सरूताई म्हणजे वन्संची सख्खी मोठी बहीण. तिच्या शेवटच्या लेकीचं लग्न, घरातलं शेवटचं कार्य. तिथं ही बाई जात नाय म्हणते म्हणजे काय? पण ही जिद्द कुठून आली ते मला ठाऊक हाय, म्हणून मी भांडले नाय. फार भांडले नाय.

वन्सं दोन वर्सांच्या असताना ताप आला आन पाय घेऊन गेला. सरूताई त्यांच्याहून दोन वर्सांनी मोठी. तिनं चतुराला रोज खांद्यावर बसवून शाळेत न्यायचं. घरात कुणी सांगितलं नव्हतं. पोरीनं आपलं आपण ठरवलं. सरूताईचा फ्रॉक दर साली उजव्या खांद्यावर आधी फाटायचा आन सासूबाई त्याला ठिगळ लावायच्या. पुढं सरूताईचं लग्न ठरलं, वैजापूरला. मी तवा या घरात नव्हते, हे सगळं आयकलेलं सांगते. वऱ्हाड ट्रकमधून गेलं. कडूबा मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे, त्यांनी चतुराला उचलून उतरवलं आन वऱ्हाडाचं सामान ठेवलं व्हतं त्या खोलीत बसवलं. म्हणले, "जरा टेक, अक्षता पडायच्या आदी न्यायला येतो." मग मानपान, व्याह्यांची रुसवाफुगवी, त्यात ते इसरले. बँड वाजला, मंगलाष्टकं झाली, भिंतीपलीकडून 'सावधान' आयकू आलं. चतुराच्या मुठीत अक्षता तशाच ऱ्हायल्या.

कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. कडूबा मामंजी नंतर लई रडले म्हणतात. पण ट्रंका आन गाद्यांच्या मधी बसून ऱ्हायलेल्या पोरीला त्याचं काय? वन्सं या गोष्टीवर माझ्याजवळ एकदाच बोलल्या. म्हणल्या, "त्या दिवशी मी बी सामानच व्हते, दगडाबाई."

सरूताई नवऱ्याच्या नोकरीपायी हैद्राबादला गेली ती तिकडचीच झाली. वन्सं हातमशिनीवर शिवायला शिकल्या. चितेगावात एक बाई दाखवा जिचा ब्लाऊज त्यांनी शिवला नाय! पण खरं नाव झालं ते झुलींनी. पोळ्याला बैलांच्या पाठीवर टाकायच्या झुली हो, आरशाच्या, गोंड्यांच्या. पंचक्रोशीतले बैल वन्संची झूल पांघरून मिरवायचे आन वन्सं घरात बसून घुंगराचा आवाज मोजायच्या, हा अमक्याचा बैल गेला, हा तमक्याचा. दारापस्तोर यायचं तर कुणीतरी उचलायला पाहिजे, आन पोळ्याच्या दिवशी कुणाला सवड?

मग दोन वर्सांमागं ही खुर्ची आली. शेंद्र्याच्या एका कंपनीनं शिबिर ठेवलं व्हतं, तिथनं मिळाली. हाताखाली एक दांडी, ती पुढं लोटली की खुर्ची पुढं, मागं ओढली की मागं. सीटखाली बॅटरीचा डबा, वर धरायला कडी, उचलून बाहीर काढता येतो. मला तर आधी भ्याच वाटलं. वन्संनी मात्र दिवसभर तिला प्रश्न इचारल्यागत दांडी हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन एकट्याच भाईर पडल्या. दुपार झाली तरी पत्ता नाय. मी हातातलं पीठ तसंच टाकून रस्त्यानं पळाले, तर बाई पैठण रोडच्या कडंला लिंबाखाली बसून ट्रक बघायलेत!

"कुठं गेल्ता?" म्या वरडून इचारलं.

"कुठंच नाय," म्हणल्या. "उगंच गेल्ते."

उगंच जाणं म्हणजे काय असतं हे त्या बाईला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी तिथंच रस्त्यावर बसून रडले, आन वर त्यांनाच शिव्या दिल्या.

आता बैलाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला. आमची बैलजोडी इकली, त्या साली पोळ्याला दावण मोकळी. वन्संना ते बघवंना. म्हणल्या, "बैल नाय कसा? ही खुर्ची वरीसभर मला वाहती ना? मग तीच बैल." पोळ्याच्या आदल्या सांजंला आमच्याकडं बैलाची खांदमळणी असते. ज्या खांद्यावर जू बसतं तो खांदा तूप आन हळदीनं चोळायचा आन बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." वन्संनी खुर्चीचा खांदा शोधला. म्हणल्या, सगळा भार बॅटरीच वढती, तर खांदा तोच. आन डब्यावर मधोमध हळद-तुपाचा असा हात फिरवला की वघळ पार कडंपस्तोर गेला. घरचं लोणकढं तूप! मी आठ दिवस बडबडले त्या तुपावरनं.

पोळ्याच्या दिवशी फारूख आला. फारूख म्हणजे रोडवर बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करतो तो, चांदपाशाचा पोरगा. वन्संना आपा म्हणतो, खुर्चीचं काय बी बिघडलं की धावत येतो. बैलाची शिंगं रंगवतात तसा त्यानं खुर्चीचा दांडा लाल केला, चाकाच्या कड्या निळ्या केल्या आन बॅटरीचा डबा तर हिंगूळ लावल्यागत लालबुंद. खालच्या छापील चिठ्ठीसकट! वन्संनी खुर्चीला घुंगरमाळ बांधली, पाठीवर झूल टाकली. वेशीतून मिरवणूक निघाली तवा चार बैल, नऊ ट्रॅक्टर आन आमची खुर्ची. गाव हसलं, पण वाट दिली. नंतर डब्याच्या कडंचा रंग उडायला लागला तशी मी फारूखला टाकून बोलले, "कसला रे तुझा रंग?" त्याचं तोंड एवढंसं झालं. "भाभी, मेरा रंग कब्बीच नै निकलता," म्हणला. तूप पुसायचं ऱ्हायलं व्हतं हे ना त्याला माहीत ना माझ्या ध्यानात.

तर विमान. तिकिटं सरूताईच्या पोरानं काढली. त्यानंच विमानवाल्यांना आधी फोन करून खुर्चीचं सांगितलं, खुर्चीसंगं आलेल्या कागदावरचे आकडे दिले. नियम त्यानं फोनवर फारूखला सांगितला आन फारूखनं मला. खुर्ची घडी करून विमानाच्या पोटात जाणार, पण बॅटरी पोटात नाय चालत. ती काढून, तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, आपल्यासंगं वर घेऊन बसायचं.

"का रे? पोटात का नाय?"

"लिथियम हाय भाभी. कधी गरम झाली, पेटली तर वर माणसं असतात, लगेच बघतात. खाली कोण बघणार?"

"म्हणजे बैल पोटात आन त्याचा जीव आपल्या मांडीवर?"

"बराबर," फारूख म्हणला. "आन जीव तीनशे वॅट-अवरच्या आत पाहिजे. आपली दोनशे चाळीसची हाय, टेन्शन नक्को लो."

मला लई नवल वाटलं. एवढं मोठं विमान, त्याला शेकडो माणसांचं काय नाय आन एका डब्याची एवढी काळजी! रात्री माझा नवरा, बद्रीनाथ, म्हशीला वैरण टाकता टाकता म्हणला, "तुम्ही दोघी विमान खाली उतरवाल बघा." त्याला म्हशी सांभाळायला मागं ठेवला ते बरंच केलं.

मार्गशीर्षात सकाळीच फारूखच्या गाडीतून चिकलठाण्याला, विमानतळावर गेलो. वन्संनी स्वतः शिवलेली जांभळी चोळी घातलेली. फारूखला तिकिटाबिगर आत सोडंनात, तो दाराशीच थांबला. आम्ही आत. फरशी अशी गुळगुळीत की वन्सं हरखल्या. खुर्ची आवाज न करता पळायली, नुसती घुंगरं वाजायली. लोकं वळून बघायली. एक शिपाई बाई आली, माळ हातात घेऊन बघितली आन इचारलं, "हे कशाला?" वन्सं म्हणल्या, "माणसं बाजूला व्हावीत म्हणून." ती हसली आन गेली.

काउंटरवरची पोरगी गोड व्हती, मावशी मावशी म्हणत व्हती. तिनं कंबरेत वाकून बॅटरीचा डबा काढून बघितला, उलटा केला, परत सुलटा केला.

"मावशी, याच्यावरचं लेबल कुठंय?"

"कसलं लेबल?"

"बॅटरीचे आकडे असतात ते. किती व्होल्ट, किती वॅट."

म्या कागद पुढं केला. ती म्हणली, "हा कागद खुर्चीचा आहे. पण बॅटरी बदललेली असू शकते ना? आकडा बॅटरीवरच दिसायला पाहिजे. त्याशिवाय मला वर नेऊ देता येत नाही." तिनं मोठ्या साहेबाला बोलावलं. त्यानं बी तेच सांगितलं. बॅटरी इथं ठेवा, खुर्ची घेऊन जा, हैद्राबादला आमची माणसं खुर्ची ढकलतील, मांडवापर्यंत तुमची माणसं ढकलतील.

खरं सांगते, त्या पोरीचं काय चुकलं नव्हतं. विमानात दुसऱ्याची बी लेकरं असतात. पण मग आकडे गेले कुठं? मी फारूखला फोन लावला.

"फारूख, त्या डब्यावर आकडे व्हते का रे?"

पलीकडं त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणला, "या अल्ला. भाभी, स्टिकरपर रंग मारा मैंने."

"मग काढ की! कसा निघंल?"

"ऑइल पेंट हाय. थिनर लागंल. आन थिनर घेऊन विमानतळाच्या आत कोण सोडेंगा?" त्याचा आवाज रडवेला झाला. "आपाला म्हणा, माफ करो. मैंने सजाकेच बिगाड दिया."

मी वन्संना सांगितलं. मला वाटलं आता बाई आभाळ डोक्यावर घेणार. पण वन्संनी नुसती मांडीवरची उजवी मूठ आवळली आन तशीच ठेवली. त्या मुठीत काय नव्हतं, पण मला दिसलं बरं का, काय हाय ते. वैजापूरच्या त्या खोलीतल्या अक्षता हायत त्या मुठीत.

"सरूताईला फोन लाव," म्हणल्या. "सांग, चतुरा येत नाय."

"असं काय करता वन्सं? मी ढकलते ना खुर्ची. मी काय परकी हाय?"

"तू परकी नाय ग. पण तुला कुणीतरी हाक मारंल, ताट वाढायला बोलवंल, तू जाशील. तुझी काय चूक? मी परत जिथं ठेवली तिथं."

माझं डोकंच फिरलं. वन्संवर नाय, त्या लाल डब्यावर. म्या तो डबा ओढून घेतला आन रागारागानं त्याच्यावर नख मारलं. कडंला रंग उडालाच व्हता, तिथं. एक टवका निघाला. चांगला बोटभर. आन खाली काय? पिवळं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"वन्सं! खांदमळणीला तूप कुठं चोळलं व्हतं?"

"खांद्यावर."

"अहो डब्यावर कुठं? दाखवा!"

वन्संनी डब्याच्या मधोमध हात ठेवला. तो हात उचलला आन म्या तिथं नख घातलं. तुपावर कधी रंग बसतो का हो? वाळलेल्या सालीसारखा सरासरा निघायला लागला. काउंटरवरची पोरगी बी खाली बसली, तिनं बी आपली रंगवलेली नखं लावली. लाल कपचे फरशीवर पडायले. वन्सं वरनं सांगायल्या, "हळू, हळू, चिठ्ठी फाटंल." आन हळदीनं पिवळी झालेली ती चिठ्ठी बाहीर आली. पोरीनं रुमालानं पुसली, मोबाईलचा उजेड टाकला आन वाचलं, "चोवीस व्होल्ट... दोनशे चाळीस वॅट-अवर. मावशी, झालं!" साहेबानं स्वतः वाकून वाचलं, मान हलवली आन टोकांना लावायची चिकटपट्टी संगं हाय का ते बघून सोडलं.

वन्सं माझ्याकडं बघून म्हणल्या, "आता बोल. तूप वाया गेलं का?"

मी नाक पुसलं आन म्हणलं, "पुढल्या साली वाटीभर घ्या."

दाराबाहेरच्या फारूखला फोन केला तर तो कळल्यावर एवढ्या जोरानं वरडला की काचंतनं आयकू आलं. परत म्हणतो, "बोला था ना भाभी, मेरा रंग कब्बीच नै निकलता. तूप की वजह से निकला." मेला!

विमानाच्या दाराशी म्या बॅटरी काढून टोकांना चिकटपट्टी लावली आन खुर्ची त्यांनी घडी करून खाली नेली. आतली वाट अरुंद, तिथं त्यांची एक बारकी खुर्ची असते, तिच्यावर बसवून सीटपाशी नेतात. दोन माणसं उचलायला वाकली. वन्संनी हात वर केला. म्हणल्या, "थांबा, बाबांनो." मग सीटच्या दोन्ही हातांवर जोर दिला आन एका झटक्यात आंग उचलून सीटवर. चाळीस वर्सं हातमशीन फिरवलेले हात ते. माणसं बघतच ऱ्हायली. मी बॅटरी मांडीवर घेऊन बसले, तिथली हवाईसुंदरी म्हणली सीटखाली ठेवा, तर ठेवली, पण पाय लावून.

खिडकीतनं दिसत व्हतं. खाली आमची खुर्ची, निळ्या चाकांची, लाल दांड्याची. दोन पोरं तिला धरून नेत व्हती. एकानं जाता जाता घुंगरं हलवून बघितली. वन्सं काचंला नाक लावून बसल्या.

"दगडाबाई, पोटात तिला थंडी वाजत आसंल का?"

"वन्सं, ती खुर्ची हाय."

"बैल हाय," म्हणल्या. मग विमान पळायला लागलं आन वन्संनी माझा हात असा धरला की बांगडी फुटली. वर गेल्यावर त्यांनी मला हज्जार प्रश्न इचारले. ढगाला वास असतो का, वर पाखरू का दिसत नाय, ड्रायव्हरला आरसा हाय का. मला त्यातलं एक बी येत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून त्या हवाईसुंदरीचा जीव खाल्ला. तिला बी सगळं येत नव्हतं बरं का.

हैद्राबादला सगळी माणसं उतरून गेली, आम्ही बसून. दाराशी खुर्ची आली. म्या चिकटपट्टी काढून बॅटरी आत सरकवली, खट आवाज झाला. वन्संनी दांडी पुढं लोटली आन खुर्ची निघाली. तेवढ्यात सगळं आलं.

त्याच सांजंला हळद व्हती. मांडवात बायकांची ही गर्दी. सरूताई मधोमध चौरंगावर बसलेली, गुडघे गेलेत आता तिचे. घुंगरं वाजली तशी तिनं मान वर केली. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आन वन्सं एकट्या, आपल्या चाकावर, तिच्यापुढं जाऊन थांबल्या. सरूताईचे डोळे गळायला लागले. म्हणली, "त्या दिवशी अक्षता पडताना मी मान वळवून तुला शोधत व्हते ग, चतुरे."

वन्संनी मला सैपाकघरातनं तुपाची वाटी आणायला लावली. नवरीच्या हळदीतली चिमूट घेतली, तुपात कालवली. खुर्ची सरूताईच्या आंगाला भिडवली, तिच्या उजव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला आन तो खांदा चोळायला लागल्या. तोच तो, फ्रॉक फाटायचा तो. चोळता चोळता कानाशी वाकून म्हणल्या, "आज आवतन घे, उद्या जेवाया ये."

हैद्राबादच्या बायकांना काय कळंना, त्या हसायल्या. सरूताई चितेगावची. तिला कळलं. तिनं वन्संच्या मांडीवर डोकं ठेवलं आन हुंदके देऊन रडली. मी बी रडले, लपवायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी लग्न. वन्सं अगदी पुढं, नवरीपासनं हातभर अंतरावर. सरूताई त्यांच्या मागंच. मंगलाष्टकं चालू असताना कुणीतरी मला ताटं मांडायला हाक मारली आन मी गेले, खोटं कशाला बोलू. पण 'सावधान' झालं तवा पळत आले. वन्संनी मूठ उघडली. अर्ध्या अक्षता नवरीवर टाकल्या. मग दांडी वढून खुर्ची गर्रकन मागं वळवली आन उरलेल्या अर्ध्या सरूताईच्या डोक्यावर टाकल्या.

"ह्या तुझ्या," म्हणल्या. "लई दिवस मुठीत व्हत्या."